मोलकरणीचा गुडघा

बाबा दौंडच्या मालधक्क्यावर कारकून होते. ड्यूटी संपवून आले की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि क्वार्टरच्या व्हरांड्यात लोखंडी खुर्ची टाकून बसायचे. हातात पुस्तक, मांडीवर वीरकरांची डिक्शनरी. पुस्तक पुण्याच्या फुटपाथवरून आणलेलं, पुठ्ठ्यावर ओल लागल्याचे डाग असलेलं: जेरोम के. जेरोम यांचं 'थ्री मेन इन अ बोट'. बाबा जुने मॅट्रिक. पावत्या, वॅगनचे नंबर आणि वरून येणारी पत्रं यापलीकडे त्यांचा इंग्रजीशी फारसा संबंध नव्हता. म्हणून ते एकेक वाक्य आधी ओठांतल्या ओठांत वाचायचे, अडलेला शब्द डिक्शनरीत बघायचे, समासात पेन्सिलीने त्याचा अर्थ लिहायचे आणि मग ते वाक्य आईला मराठीत सांगायचे. आई उंबऱ्यात बसून शेंगा सोलत असायची. मी दहा वर्षांची, दोघांच्या मधे.

पहिल्याच प्रकरणात पुस्तकातला 'मी' ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जातो. एका किरकोळ दुखण्याची माहिती काढायला म्हणून वैद्यकाचा ग्रंथ उघडतो आणि वाचता वाचता त्याची खात्री पटत जाते की आपल्याला टायफॉइड आहे, कॉलरा आहे, अकारविल्हे जितके रोग छापलेत तितके सगळे आहेत. एकच नाही. बाबा थांबले, डिक्शनरी चाळली आणि म्हणाले, "हाउसमेड म्हणजे मोलकरीण. मोलकरणीचा गुडघा. तेवढा एक रोग त्याला नाही."

आई शेंगेचं टरफल बाजूला टाकत म्हणाली, "तो मला झालाय की."

तिचा उजवा पाय नेहमीप्रमाणे लांब केलेला होता. बाबांनी पुस्तक मिटलं. त्या दिवशी पुढे वाचन झालं नाही. दोन-चार दिवसांनी त्यांनी बारदानाच्या तुकड्यांची जाड घडी बांबूच्या टोकाला घट्ट बांधली आणि आईला उभ्याने फरशी पुसता येईल असं एक साधन करून दिलं. ते आमच्याकडे पुष्कळ वर्षं होतं.

हा रोग खरा आहे. दगडी फरशीवर तासन् तास गुडघे टेकून काम केलं की वाटीच्या पुढची पाण्याची पिशवी सुजते. पुस्तकातल्या माणसाला तो न होण्याचं कारण सरळ आहे, त्याने कधी फरशी पुसलेली नाही. पण तो बिचारा हिरमुसतो, की मला एवढा एकच का वगळला? १८८९ साली इंग्लंडात छापलेल्या या वाक्यावर तेव्हाचे वाचक हसले, आजही हसतात. आमच्या घरात मात्र त्यातून बांबूला बारदान बांधलं गेलं. हे पुस्तक इतकी वर्षं का टिकलं असा प्रश्न जेव्हा जेव्हा मनात येतो, तेव्हा मला आधी तो बांबू आठवतो.

गोष्ट म्हणावी तर एवढीशीच आहे. लंडनमधले तीन तरुण, 'जे' (म्हणजे पुस्तकातला 'मी'), जॉर्ज आणि हॅरिस, आपण फार दमलोय असं ठरवतात आणि माँटमोरेन्सी नावाच्या कुत्र्याला घेऊन थेम्स नदीतून वल्ह्यांच्या होडीने किंग्स्टनपासून ऑक्सफर्डपर्यंत जायचं ठरवतात. नदीच्या वळणांनी नव्वदेक मैल. वाटेत त्यांच्यातलं कुणी बुडत नाही, कुणाचं प्रेम जमत नाही, खजिना सापडत नाही. सामान बांधलं जातं, तंबू उभा राहत नाही, स्टोव्ह भडकतो, पाऊस येतो. परतीच्या वाटेवर पावसाला कंटाळून ते पँगबोर्नला गुपचूप होडी सोडतात, आगगाडीने लंडन गाठतात आणि गरमागरम जेवणावर बसून आपण होडीतून सुटलो म्हणून पेले उंचावतात. संपलं.

या 'संपलं'च्या मधे जे आहे त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: चऱ्हाट. चिं. वि. जोशींच्या चिमणरावांमुळे तो शब्द आपल्या ओठांवर बसला. चऱ्हाट म्हणजे जाड दोर, आणि चऱ्हाट लावणं म्हणजे एका गोष्टीतून दुसरी, दुसरीतून तिसरी काढत बसणं. जेरोम यांच्या पुस्तकात दोन्ही अर्थांनी ते आहे. काठावरून होडी ओढायचा जो दोर असतो, त्याच्याविषयी ते अगदी तळमळीने लिहितात: तो भर मैदानात सरळ ताणून ठेवा, तीस सेकंद पाठ फिरवा, परत बघाल तर त्याचा मधोमध ढीग होऊन त्याला गाठी बसलेल्या असतील. विहिरीवर ज्याने दोर आवरलाय त्याला हे वाचून कुणी काही समजावून सांगायला नको. आणि पुस्तकही त्या दोरासारखंच चालतं. सामानात चीज घ्यायचं नाही, एवढा साधा निर्णय सांगताना लिव्हरपूलहून लंडनला चीज नेल्याची आख्खी हकिगत येते, ज्यात त्या वासाने रेल्वेचा डबा रिकामा होतो. हॅरिस काम अंगावर घेतो असं म्हटलं की लगेच पॉजरकाका येतात.

पॉजरकाका आईचे लाडके. भिंतीवर एक तसबीर टांगायची म्हणून ते घर डोक्यावर घेतात. एकाला खिळे आणायला, एकाला हातोडी, एकाला शिडी धरायला. खिळा पडतो, मग हातोडी सापडत नाही, मग भिंतीवर केलेली खूण सापडत नाही. मध्यरात्री तसबीर वाकडी लटकते आणि काका अभिमानाने म्हणतात की एवढ्याशा कामाला काही लोक माणूस बोलावतात! बायको म्हणते, पुढच्या वेळी खिळा ठोकायचा असेल तर आधी सांगा, म्हणजे मी आठवडाभर आईकडे जाऊन येईन. बाबांनी याचं मराठी करताना काही बदललं नव्हतं, फक्त 'आईकडे'च्या जागी 'माहेरी' म्हटलं. आईला खोटं वाटलं. इंग्लंडच्या बाया पण असं म्हणतात का, असं तिने दोनदा विचारलं.

बाबांची आवडती जागा वेगळी. ते तिघं वॉटर्लू स्टेशनवर येतात तेव्हा अकरा पाचची किंग्स्टनची गाडी कुठल्या फलाटावरून सुटते हे स्टेशनात कुणालाच ठाऊक नसतं. हमालाला नाही, स्टेशनमास्तरला नाही. शेवटी ते एका इंजिन ड्रायव्हरच्या हातात अर्धा क्राउन ठेवतात आणि तूच अकरा पाचची किंग्स्टन हो म्हणून विनवतात. तो होतो. नंतर कळतं, ती एक्झिटरची मेल होती आणि लोक तिला तासन् तास वॉटर्लूवर शोधत होते. बाबा हे वाचून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे आणि हसू ओसरल्यावर दरवेळी म्हणायचे, "पण त्या मेलमधल्या टपालाचं काय झालं असेल?"

पुढे मी नोकरीला लागल्यावर जेरोम यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. जन्म १८५९ चा, वॉल्सॉलचा. वडील धर्मोपदेश करायचे, लोखंडी सामानाचा व्यापार होता. कोळशाच्या खाणीत पैसे घातले आणि घर बसलं. मग कुटुंब लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब वस्तीत आलं. मिसरूड फुटायच्या वयात आई-वडील दोघंही गेले. शाळा सुटली. पोरगा रेल्वेत लागला, लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत, आणि सुरुवातीचं काम होतं रुळांकडेला सांडलेला कोळसा गोळा करण्याचं. हे वाचलं तेव्हा मी बाबांना फोन केला. ते निवृत्त झाले होते. थोडा वेळ तिकडून आवाज नव्हता. मग त्यांनी विचारलं, "किती वर्षं सर्व्हिस झाली?" मी म्हटलं, "चार." "चार," ते म्हणाले, आणि मला कळलं की इतकी वर्षं वाचत असलेला लेखक आज त्यांच्या खात्यातला झाला.

रेल्वे सोडल्यावर जेरोम फिरत्या नाटक कंपनीत नट झाले, मास्तरकी केली, वकिलाकडे कारकुनी केली, वर्तमानपत्रांत लिहिलं. जून १८८८ मध्ये त्यांनी एटी नावाच्या बाईशी लग्न केलं. तिचा घटस्फोट होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते आणि पदरात पाच वर्षांची मुलगी होती. त्या काळच्या इंग्लंडात ही लहान गोष्ट नव्हती. मधुचंद्राला ही दोघं थेम्सवर छोट्या होडीतून गेली आणि परत आल्यावर चेल्सीतल्या वरच्या मजल्यावरच्या घरात, जिथून नदी दिसायची, जेरोम लिहायला बसले.

लिहायचं होतं ते विनोदी नव्हतंच. थेम्सची कहाणी लिहायची, काठावरचे राजवाडे, मठ, लढाया, १२१५ सालची रनीमीडची सनद (मॅग्ना कार्टा) असा नदीचा इतिहास सांगायचा, आणि वाचकाला मधूनमधून विसावा म्हणून थोडी गंमत घालायची. आधी गंमत लिहून मोकळं होऊ, मग गंभीर भागाकडे वळू, असं त्यांनी ठरवलं. ते वळणं झालंच नाही. शेवटी नेटाने डझनभर इतिहासाचे तुकडे लिहून प्रत्येक प्रकरणात बसवले, तर ज्या मासिकात हे क्रमशः छापून येत होतं त्याच्या संपादकाने, एफ. डब्ल्यू. रॉबिन्सन यांनी, त्यातले बहुतेक उडवून टाकले. बायकोऐवजी होडीत दोन मित्र आले. जॉर्ज म्हणजे बँकेत नोकरी करणारा जॉर्ज विंग्रेव्ह, हॅरिस म्हणजे छपाईचे ठसे करण्याच्या धंद्यातला कार्ल हेन्शेल. कुत्रा तेवढा मनातला.

नव्या सुखाने भरलेल्या माणसाच्या हातून हे पुस्तक झालं, आणि त्या माणसाला लहानपणी सुख फारसं मिळालं नव्हतं. लंडनच्या त्या पूर्वेकडच्या गल्ल्यांनी आपल्याला उदास स्वभाव दिला असं त्यांनी म्हातारपणी आत्मचरित्रात लिहिलंय. हे कळल्यावर मी पुस्तक पुन्हा वाचलं तर विनोद तेच होते, पण ते कुठून येतात ते दिसायला लागलं. पंधरवड्याच्या सुट्टीवर आलेला कष्टकरी माणूस ज्या तहानेने हिरवळीकडे बघतो, त्या तहानेने जेरोम नदीकडे बघतात. मधेच अर्धं पान रात्रीच्या पाण्याचं वर्णन येतं. पुष्कळ समीक्षकांना हे तुकडे शिवणीवर उसवलेले वाटतात. मला ते उलट पुस्तकाचा जीव वाटतात. काव्यमय ओळ संपते न संपते तोच होडी काठावर आदळते, हे खरं. पण ती ओळ लिहिताना माणूस खोटं बोलत नव्हता.

अननसाच्या डब्याचा प्रसंग घ्या. मंकी आयलंडजवळ दुपारच्या जेवणाला त्यांच्याकडे थंड मांस आहे आणि मोहरी नाही. सगळे खिन्न. तेवढ्यात जॉर्ज टोपलीच्या तळातून अननसाचा डबा काढतो आणि आयुष्य पुन्हा जगण्यासारखं वाटायला लागतं. डब्यावर चित्र आहे, आतल्या रसाच्या आठवणीने तोंडाला पाणी सुटलंय, हॅरिसने चमचासुद्धा तयार ठेवलाय. आणि डबा उघडायचं काही आणलेलंच नाही. चाकू मोडतो, कात्री उडते, दगड मारून होतो, शिडाची काठी घेऊन होते. भूमितीत जितके आकार असतील तितके त्या डब्याला येतात, भोक तेवढं पडत नाही. शेवटी चेपलेल्या पत्र्यात त्यांना कुणीतरी खदाखदा हसतंय असा चेहरा दिसतो आणि हॅरिस तो डबा नदीत भिरकावतो. कधी डब्याशी, कधी खुर्च्यांच्या रिझर्व्हेशनशी, कधी सरकारी खिडकीशी असं झगडून जो हरलाय, त्याला यातला एकही तपशील परका वाटत नाही. या झटापटीत कुणी खलनायक नाही. जेरोम कुणाला उंचावरून हसत नाहीत. ते स्वतः त्या होडीत बसलेले आहेत, आणि मोहरी त्यांनाही हवी होती.

हे उंचावरून न बघणं तेव्हाच्या विद्वानांना सोसलं नाही. 'पंच' साप्ताहिकाने जेरोम यांना 'अ‍ॅरी के. अ‍ॅरी' असं नाव ठेवलं. हॅरी या नावातला ह गिळणारा लंडनचा खालच्या थरातला माणूस, तसा हा लेखक, असा त्यातला टोमणा. न आणि ण यांच्या उच्चारावरून माणसाची जात, गाव आणि लायकी ठरवणाऱ्यांच्या आपल्या समाजात या टोमण्याचा अर्थ फोड करून सांगायला नको. तो पुस्तकाच्या भाषेवर होता आणि वाचणाऱ्यांवरही. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर लिहा-वाचायला शिकलेली, दुकानांत, बँकांत, कचेऱ्यांत बसणारी एक पिढी तयार झाली होती. १८७१ च्या कायद्याने तिला बँक हॉलिडे मिळाले होते, रेल्वेने नदी जवळ आणली होती. त्या पिढीला पहिल्यांदा आपली सुट्टी, आपली फजिती, आपला मित्रांशी चाललेला वाद पुस्तकात छापलेला दिसला. पुढच्या वीस वर्षांत इंग्लंडात २ लाखांवर प्रती खपल्या. अमेरिकेत चोरून छापलेल्या १० लाखांवर, ज्याचा एक पैसा जेरोम यांना मिळाला नाही. ब्रिस्टॉलचे त्यांचे प्रकाशक अ‍ॅरोस्मिथ म्हणायचे, लोक ही पुस्तकं खातात की काय!

माझ्या मुलीच्या नववीच्या इंग्रजीच्या पुस्तकात यातल्या सामान बांधण्याच्या प्रसंगाचा धडा होता. टूथब्रश बांधला की नाही या धास्तीने सगळी बॅग पुन्हा उपसणारा माणूस तिने शाळेत वाचला आणि घरी येऊन आजोबांना सांगायला लागली. बाबांनी तिला पुढचं तोंडपाठ सांगितलं, लोणी कुणी कुठे ठेवलं आणि ते कुणाला चिकटलं ते. ती बघतच राहिली.

बाबा गेल्यावर त्यांचं पुस्तक माझ्याकडे आलं. समासात सगळीकडे पेन्सिलीचे बारीक अर्थ. सोळाव्या प्रकरणापाशी मी थांबले. ही गोष्ट मी वाचली होती, पण बाबांच्या तोंडून कधी ऐकलेलीच नव्हती.

गोरिंगच्या जवळ त्या तिघांना पाण्यात काहीतरी काळं तरंगताना दिसतं. जॉर्ज वाकून ते धरतो आणि किंचाळून मागे सरतो. एका बाईचं प्रेत असतं. तिची हकिगत त्यांना नंतर कळते. कुणीतरी फसवलेली, घरच्यांनी आणि मैत्रिणींनी दार लावून घेतलेली. दिवसाला १२ तास राबून आठवड्याला १२ शिलिंग मिळवायची, त्यातले ६ मुलाच्या सांभाळाचे द्यायची आणि उरलेल्या ६ मध्ये स्वतः जगायची. शेवटी ती मुलाला भेटते, जवळ घेते, एका पेनीची चॉकलेटची पेटी त्याच्या हातात ठेवते आणि उरल्या पैशांचं तिकीट काढून गोरिंगला येते. दिवसभर काठच्या झाडीत हिंडते. संध्याकाळ झाल्यावर नदीकडे हात पसरते.

विनोदी पुस्तकात हे पान शोभत नाही असं बरेच जण म्हणतात. मला मात्र ते वाचताना एटी आणि तिची पाच वर्षांची मुलगी दिसते. घटस्फोटित बाईला दार उघडणारा कुणी भेटला नाही तर काय, हे त्या होडीत मधुचंद्राला बसलेल्या माणसाला नक्की ठाऊक होतं. हीच नदी, तेच महिने.

बाबांनी हे पान वाचलं होतं. 'ड्रजरी' या शब्दासमोर त्यांनी 'राबणूक, ढोरमेहनत' असं लिहून ठेवलं होतं. शिलिंगांखाली रेघ होती. पण आईला त्यांनी ते कधी वाचून दाखवलं नाही. मालधक्क्यावर काम करणाऱ्या माणसाला यार्डात, रुळांवर काय काय बघावं लागतं ते मला मोठेपणी कळलं. घरी येऊन त्यांनी त्यातलं कधी काही सांगितलं नाही. हे पानही त्यांनी तसंच बाहेर ठेवलं असावं.

माझी मुलगी आता नोकरीनिमित्त रेडिंगला असते. मागच्या सप्टेंबरात आईला घेऊन मी तिच्याकडे गेले. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, ती आता चांगली चालते. एका सकाळी आम्ही तिघी लोकल गाडीने निघालो. टाइलहर्स्ट, पँगबोर्न आणि मग गोरिंग. पँगबोर्नला गाडी थांबली तेव्हा मी आईला सांगितलं की पळून आलेले ते तिघं इथूनच लंडनला गेले. तिने खिडकीतून फलाट नीट बघून घेतला, कुणी ओळखीचं दिसतंय का बघावं तसा.

गोरिंगचा पूल दोन भागांत आहे, मधे बेट. बंधाऱ्यावरून पाणी पडण्याचा आवाज दुरून येतो. पलीकडच्या काठावर स्ट्रीटली, मागे हिरवी टेकडी. होड्या चढवण्या-उतरवण्याच्या लॉकपाशी एक अरुंद लांब होडी आत शिरत होती आणि एक म्हातारं जोडपं दोर घेऊन काठावर उभं होतं. दोराची गाठ बसली होती. म्हाताऱ्याने ती सोडवायला घेतली आणि बायको हसत त्याच्याकडे बघत राहिली. आईने मला कोपराने ढोसलं. "चऱ्हाट," ती म्हणाली.

आम्ही बाकावर बसलो. मी बाबांची प्रत काढली आणि आईला म्हटलं, "यातलं एक पान बाबांनी तुला वाचून दाखवलं नव्हतं. वाचू?"

"वाच," ती म्हणाली.

मी बाबांसारखंच वाचलं. एक वाक्य मनात, मग मराठीत. ढोरमेहनत हा शब्द त्यांचाच घेतला. चॉकलेटच्या पेटीपाशी मुलीने नदीकडे तोंड फिरवलं. आईने शेवटपर्यंत ऐकलं. पाण्याचा आवाज चालूच होता.

"आणि त्या लेकराचं काय झालं?" तिने विचारलं.

मी पान उलटलं. पुढे ते तिघं पुलापाशी होडी सोडून स्ट्रीटलीत वर जातात आणि 'बुल' नावाच्या खानावळीत जेवतात. कुत्र्याला फार आनंद होतो. तेवढंच मी आईला वाचून दाखवलं.